सांबा, मायक्रोसॉफ्ट आणि दहा हजार युरोंचा करार

२० डिसेंबर २००७ रोजी एक छोटासा करार झाला. एका बाजूला मायक्रोसॉफ्ट, तर दुसऱ्या बाजूला प्रोटोकॉल फ्रीडम इन्फर्मेशन फाउंडेशन ही मुद्दाम याच कामासाठी काढलेली अमेरिकेतली ना-नफा संस्था. संस्थेने १०,००० युरो एकरकमी भरले आणि विंडोज सर्व्हर एकमेकांशी व ग्राहक संगणकांशी नेमकं काय बोलतात, याची कागदपत्रं मिळवली. ती वापरणार होते सांबाचे प्रोग्रामर. सांबा म्हणजे लिनक्स किंवा युनिक्सच्या मशीनला विंडोज सर्व्हरसारखं वागायला लावणारं मोफत सॉफ्टवेअर. थोडक्यात, मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरला पर्याय तयार करणाऱ्यांच्याच हाती कागद ठेवले.

याच माहितीवरून आधीची नऊ वर्षं भांडण चाललं होतं. युरोपीय आयोगाचा चौकशी-खटला, कोट्यवधी युरोंचे दंड, लक्झेंबर्गच्या न्यायालयात आठवडाभर सुनावणी, सगळं झालं. प्रतिस्पर्ध्यांची सॉफ्टवेअर एकत्र चालवायची तर आधी सामाईक मानक ठरवावं लागतं, असं आपण अभ्यासक्रमात वाचतो. इथे मानकं होती, निदान त्यांची नावं तरी होती. माहिती द्यावीच लागेल, हा निर्णयही २००४ सालीच झाला होता. तरी आणखी साडेतीन वर्षं घोडं अडलं ते अटींवर. माझ्या मते या प्रकरणाची मेख तिथेच आहे, आणि बहुतेक वर्णनांत तीच दोन ओळींत उरकली जाते.

ऐकत बसण्याची पद्धत

अँड्र्यू ट्रिजेल हे कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते. १९९१ संपता संपता त्यांच्यासमोर एक घरगुती म्हणावी अशी अडचण आली: डॉसवर चालणाऱ्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फाइली दिसायला हव्या होत्या. पीसीवर डिजिटल कंपनीचं पाथवर्क्स होतं, ते डिजिटलच्याच सर्व्हरशी बोलायचं. ट्रिजेल यांनी दोघांमधली पॅकेटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडणारा छोटा प्रोग्राम लिहिला, कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर जातं ते पाहिलं आणि तशीच उत्तरं देणारा सर्व्हर युनिक्सवर उभा केला. जानेवारी १९९२ मध्ये तो सर्वांसाठी खुलाही केला.

आपण कोणत्या प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलण्याच्या नियमांची, नक्कल केली, हे त्यांना नंतर कळलं. तो होता एसएमबी, नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी तो घडवला, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला. दोनेक वर्षांनी ट्रिजेल यांना पत्नीचा विंडोज पीसी आपल्या लिनक्सशी जोडायचा होता. त्यांनी तोच जुना सर्व्हर चालवून पाहिला आणि तो चक्क चालला. नावाचा किस्सा प्रसिद्ध आहे. 'एसएमबीसर्व्हर' हे नाव दुसऱ्या एका कंपनीचं निघालं, तेव्हा त्यांनी शब्दकोशाच्या फाइलवर ग्रेप हा शोधाचा आदेश चालवून एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द काढले आणि त्यातून 'सांबा' उचलला.

पुढे या पद्धतीला त्यांनी 'फ्रेंच कॅफे' म्हटलं. फ्रेंच येत नसेल तर पॅरिसच्या कॅफेत बसा आणि ऐकत राहा. कोणी काय मागितलं आणि वेटरने काय आणलं, ते टिपत गेलात की हळूहळू भाषा उलगडते. मायक्रोसॉफ्टचा कोड कधी पाहिला नाही, कुठल्या गोपनीयतेच्या करारावर सहीही केली नाही. कायद्याच्या दृष्टीने सांबा इतकी वर्षं सुरक्षित राहिला तो यामुळेच.

मात्र नुसतं ऐकून ठरावीक गोष्टीच कळतात. कोणी मागवलाच नाही तो पदार्थ ऐकू येणार कसा? म्हणून सांबावाल्यांनी उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. एसएमबीच्या एका आदेशाच्या पोटात उपआदेशाचा क्रमांक जातो. विंडोज सर्व्हरला शून्यापासून एकेक क्रमांक पाठवत जायचं. 'असं काही मी जाणत नाही' ही चूक परत आली तर पुढचा क्रमांक. 'तुमचे पॅरामीटर चुकले' अशी चूक आली की समजायचं, इथे काहीतरी आहे! मग त्याच क्रमांकाची लांबी बदलत राहायची, चूक बदलेपर्यंत. परत येणारी चूक बदलली की लांबी जुळली, आता आतले रकाने. याच्या जोडीला दुसरी युक्ती: एकच यादृच्छिक विनंती एकाच वेळी विंडोजला आणि सांबाला पाठवायची आणि दोघांची उत्तरं ताडून पाहायची. फरक दिसला की सांबा चुकला. विंडोजच्या बाजूला उघडउघड बग असला तरीही सांबाच चुकला, कारण ग्राहक संगणक त्या बगला धरूनच लिहिलेले असतात. या सगळ्यातून एसएमबीटॉर्चर नावाचा चाचणीसंच तयार झाला. पुढे स्टोरेज विकणाऱ्या इतर कंपन्यांनीही तो आपल्या मालावर चालवला.

कागदावरचं वर्णन आणि प्रत्यक्ष वागणूक यांत किती अंतर असतं, हे कळायला ऑपलॉक नावाच्या सोयीचं एक उदाहरण पुरे. एखादी फाइल एकाच संगणकाने उघडली असेल, तर सर्व्हर त्याला सांगतो की सध्या तू एकटाच आहेस, बदल तुझ्याकडेच साठव, दर वेळी मला पाठवू नकोस. वेग वाढतो. दुसऱ्याने तीच फाइल मागितली की सर्व्हरने पहिल्याला 'ऑपलॉक सोड' म्हणून कळवायचं, त्याने साठवलेलं लिहून टाकेपर्यंत थांबायचं, आणि मगच दुसऱ्याला आत घ्यायचं. वर्णन चार ओळींचं आहे. पण पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर किती सेकंद थांबायचं? तो मधेच फाइल बंद करत असेल तर? याच फाइलला युनिक्सच्या बाजूने तिसऱ्याच प्रोग्रामने हात घातला तर? एका क्षणाची चूक झाली तरी फाइल बिघडते, आणि बिघाड समोर येतो तो महिनाअखेरीला.

आपल्याकडच्या सीए आणि व्यापाऱ्यांच्या लहान ऑफिसांमध्ये २००० च्या दशकात जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सांबाचा शेअर, म्हणजे सामाईक फोल्डर, काढून देणारे बरेच जण होते. विंडोज सर्व्हर आणि प्रत्येक माणसामागचा परवाना परवडायचा नाही, एवढं साधं गणित. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच शेअरवर असायचा आणि चार टेबलांवरून एकदम उघडायचा. जाणकार माणूस कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'व्हेटो ऑपलॉक फाइल्स' ही ओळ आधी घालायचा आणि मग बाकीचं बघायचा. सामाईक डेटाबेस फाइलींसाठी ऑपलॉक बंद ठेवा, असं सांबाच्या मार्गदर्शिकेतही आहे. ज्याला ती ओळ माहीत नसे, त्याला मार्चमध्ये फोन यायचे.

विंडोज २००० नंतर

१९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने एसएमबीला सीआयएफएस असं नवं नाव दिलं आणि त्याचा मसुदा इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफकडे पाठवला. १९९७ च्या मसुद्यावर पॉल लीच आणि दिलीप नाईक यांची नावं आहेत. असे मसुदे सहा महिन्यांनी आपोआप मोडीत निघतात. हाही निघाला, मानक झालाच नाही. तरी त्या काळी मायक्रोसॉफ्टचे अभियंते आणि सांबाची मंडळी सीआयएफएसच्या परिषदांत एकत्र बसत, तांत्रिक शंका एकमेकांना विचारत. वैर असं नव्हतं.

चित्र बदललं ते विंडोज २००० बरोबर आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमुळे. विंडोज २००० पर्यंत सांबाला प्रामुख्याने फाइली आणि प्रिंटर सांभाळायचे होते. आता संस्थेतली सगळी माणसं, त्यांचे पासवर्ड, गट, धोरणं एका निर्देशिकेत गेली. ती निर्देशिका अनेक सर्व्हरवर एकाच वेळी जिवंत राहायची आणि एकाने केलेला बदल बाकीच्यांपर्यंत पोहोचायचा. पाया उघड मानकांचाच होता: निर्देशिका वाचायला एलडॅप, ओळख पटवायला केर्बेरॉस आणि मशीनची नावं शोधायला डीएनएस. पण केर्बेरॉस ओळख पटल्यावर जे तिकीट देतं, त्यात मानकाने मोकळ्या सोडलेल्या जागेत मायक्रोसॉफ्टने आपली माहिती भरली: या माणसाचे गट कोणते, हक्क कोणते. २००० साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, पण वाचण्याआधी 'हे व्यापारी गुपित आहे' हे मान्य करून पुढे जायचं होतं. वाचा, पण वापरू नका! सांबावाल्यांसाठी असा कागद नसलेला बरा. तो वाचला की स्वतःच्या कोडवरच संशय यायचा.

एमआयटीत जन्मलेलं, सर्वांसाठी खुलं असलेलं मानक घेऊन त्याच्या एका मोकळ्या रकान्याच्या जोरावर बाकीच्यांना दाराबाहेर ठेवता येतं, हे इथे दिसलं. दोन विक्रेते 'आमचं मानकाप्रमाणेच आहे' असं छातीठोकपणे सांगत असतील, तर मला पहिल्यांदा ते मोकळे रकाने बघावेसे वाटतात.

दरम्यान सर्व्हर बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सने १५ सप्टेंबर १९९८ रोजी मायक्रोसॉफ्टला पत्र लिहिलं. सोलॅरिस या आपल्या युनिक्सचे सर्व्हर विंडोजच्या जगात नीट नांदावेत यासाठी पूर्ण माहिती मागितली. ६ ऑक्टोबरला उत्तर आलं. त्याचा सूर असा की, विकसकांसाठी जे प्रसिद्ध आहे ते तुम्हालाही उपलब्ध आहेच, आमच्या विकसक परिषदेलाही या. १० डिसेंबर १९९८ ला सनने ब्रसेल्सला युरोपीय आयोगाकडे तक्रार दाखल केली. सनचा राग का होता हेही सांगायला हवं. एटीअँडटीने मायक्रोसॉफ्टकडून परवाना घेऊन विंडोज एनटीची सेवा युनिक्सवर आणली होती, आणि सन त्यावर आधारलेलं उत्पादन विकत होतं. म्हणजे माहिती मिळाली तर दोन घरांची मशीनं सुखाने एकत्र चालतात, हे आधी सिद्ध झालेलं होतं. विंडोज २००० पासून तो नळ बंद झाला.

ब्रसेल्सचा निकाल, आणि एकेकाचं निघून जाणं

२४ मार्च २००४. स्पर्धाविषयक आयुक्त मारिओ मोंटी यांच्या कारकिर्दीत आयोगाने निर्णय दिला: ४९ कोटी ७१ लाख ९६ हजार ३०४ युरोंचा दंड, मीडिया प्लेअरशिवायची विंडोज आवृत्ती, आणि १२० दिवसांत प्रतिस्पर्धी सर्व्हर बनवणाऱ्यांना प्रोटोकॉलची पूर्ण आणि अचूक माहिती. फाइल व प्रिंट सेवा आणि वापरकर्त्यांचं व्यवस्थापन, एवढ्यापुरती. सोर्स कोड द्या, असं आयोगाने म्हटलेलं नाही. वर्तमानपत्रांनी दंड छापला. कामाचा होता तो तिसरा भाग.

नऊच दिवसांनी, २ एप्रिलला, मूळ तक्रारदार सनने मायक्रोसॉफ्टशी तडजोड केली. रक्कम सुमारे १९५ कोटी डॉलर. नोव्हेंबरात नोव्हेल ही दुसरी सॉफ्टवेअर कंपनी ५३ कोटी ६० लाख डॉलर घेऊन बाजूला झाली. २००५ मध्ये मीडिया प्लेअर बनवणाऱ्या रिअलनेटवर्क्सने ७६ कोटी १० लाखांवर समझोता केला. यातल्या कोणालाही मी दोष देणार नाही. भागधारकांना उत्तरं द्यावी लागणाऱ्या कंपनीने असा चेक परत करणं कठीणच. पण परिणाम असा झाला की न्यायालयात आयोगाच्या बाजूने बोलणाऱ्यांत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप आणि सांबा टीम यांचं वजन अचानक वाढलं. त्यांना पैसे देऊन गप्प करता येत नव्हतं, कारण पैसे घेणार कोण? कंपनीच नव्हती. शिवाय 'नेमकं काय कमी पडतंय' या प्रश्नाला ठोस उत्तर देऊ शकणारे तेच होते, बारा-चौदा वर्षं रोज तेच काम केलेले.

२४ ते २८ एप्रिल २००६ या काळात लक्झेंबर्गला तेरा न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या बाजूने ट्रिजेल स्वतः बोलले. मायक्रोसॉफ्टची बाजू फुसकी मुळीच नव्हती. कंपनीचं म्हणणं असं: डोमेन, म्हणजे एका संस्थेची माणसं आणि संगणक, सांभाळणारे सर्व्हर हे एकमेकांत घट्ट विणलेलं एकच यंत्र आहे. त्यांच्यात जे चालतं ते बाहेरच्याशी बोलणं नाही, आतलं कामकाज आहे. चर्चेत याला 'निळा बुडबुडा' म्हणत, कारण आकृतीत तो तसा काढला होता. बुडबुड्याच्या आतलं सांगायचं म्हणजे आमची कलाच सांगायची.

तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न खरोखर अवघड आहे. कोणत्या सर्व्हरने कोणाकडून बदल घ्यायचे, याचा नकाशा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक सर्व्हर स्वतः काढतो. सगळ्यांचा नकाशा सारखाच आला पाहिजे, नाहीतर एखादा बदल कोणाकडे तरी पोहोचणारच नाही. मग नकाशा काढायची रीत ही आतली गोष्ट की बोलण्याचा भाग? आयोगाचं उत्तर, आणि पुढे न्यायालयानेही मानलेलं, असं की उत्तर काय यायला हवं हे सांगा, ते तुमच्या कोडमध्ये कसं काढता हे सांगू नका. तपशील आणि अंमलबजावणी यांतली रेघ इथे ओढली गेली. माझ्या लेखी ही रेघ या निकालाचं सर्वात टिकाऊ फलित आहे.

१७ सप्टेंबर २००७ ला निकाल लागला. मुख्य मुद्द्यांवर मायक्रोसॉफ्ट हरली. देखरेखीसाठी नेमलेल्या तज्ज्ञाला आयोगाने जरा जास्तच अधिकार दिले आणि त्याचा खर्च कंपनीवर टाकला, एवढा भाग मात्र रद्द झाला.

कागद आले, पण कोणत्या भावाने?

१२० दिवसांच्या मुदतीचं काय झालं? कागदपत्रं आली, पण तज्ज्ञ नील बॅरेट यांनी वाचून ती कामाला निरुपयोगी ठरवली. हजारो पानं होती, पण त्यांच्या आधाराने सर्व्हर लिहिता येत नव्हता. मायक्रोसॉफ्टने यावर सोर्स कोडच दाखवायची तयारी दाखवली. ऐकायला उदार प्रस्ताव. प्रत्यक्षात कोड पाहिला की वर म्हटलेला संशय आयुष्यभराचा. शिवाय लाखो ओळींतून नियम शोधायचा म्हणजे पुन्हा कॅफेत बसणंच, फक्त गर्दी जास्त. १२ जुलै २००६ ला आयोगाने आणखी २८ कोटी ५ लाख युरो दंड लावला, रोजी १५ लाखांच्या हिशेबाने. यानंतर कंपनीने शेकडो माणसं लावून कागदपत्रं नव्याने लिहायला घेतली. बऱ्याच गोष्टी खुद्द मायक्रोसॉफ्टमध्येही कुठे लिहिलेल्या नव्हत्या, त्या फक्त कोडमध्ये होत्या. कोणत्याही जुन्या ऑफिसात काम केलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

आता खरी मेख. कागदपत्रं पुरवण्याची किंमत म्हणून मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला घेणाऱ्याच्या उत्पादनाच्या उत्पन्नावर पेटंटसाठी ३.८७ टक्के आणि माहितीसाठी २.९८ टक्के मागितले. मे २००७ मध्ये युरोपातल्या विक्रीपुरते हे दर ०.७ आणि ०.५ टक्क्यांवर आणले. सन किंवा आयबीएमसाठी हा घासाघिशीचा विषय. सांबासाठी टक्का कितीही असो, दार बंदच.

कारण असं. सांबा जीपीएल परवान्यावर आहे. ज्याच्या हाती प्रत पडेल तो ती कितीही जणांना देऊ शकतो, आणि प्रत्येकाबरोबर कोडही जातो. मग किती प्रती गेल्या हे कोण मोजणार? मोजलं तरी शून्य रुपयांचे ३.८७ टक्के किती? आणि माहिती व्यापारी गुपित म्हणून घेतली असेल, तर तिच्यावरून लिहिलेला कोड उघड करता येत नाही. तो उघड करायचा नसेल तर जीपीएल मोडतो. म्हणजे अट वरवर पाहता सर्वांना सारखी, पण बाजारात उरलेल्या एकमेव गंभीर पर्यायालाच ती लागू करता येत नाही. 'वाजवी आणि भेदभावरहित' हे शब्द किती लवचीक असतात, हे यावरून लक्षात यावं.

निकालानंतर महिनाभराने, २२ ऑक्टोबर २००७ ला, मायक्रोसॉफ्टने अपील न करण्याचं जाहीर केलं आणि अटी बदलल्या. माहितीसाठी एकरकमी १०,००० युरो, उत्पन्नाचा टक्का नाही. पेटंटचा परवाना हवा असेल तर वेगळा, ०.४ टक्के. आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाही माहिती वापरता येईल. आधीच्या जास्त दरांबद्दल फेब्रुवारी २००८ मध्ये ८९ कोटी ९० लाख युरो दंड झाला, तो २०१२ मध्ये न्यायालयाने ८६ कोटींवर आणला.

लेखाच्या सुरुवातीचा करार यातून आला. त्यातली कलमं ट्रिजेल, वकील कार्लो पियाना आणि सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरचे एबेन मोग्लेन यांनी घासून घेतली, आणि मला ती फार आवडतात. कागदपत्रं गोपनीय राहतील, ती कोणाला दाखवायची नाहीत. पण ती वाचून लिहिलेला सोर्स कोड खुला प्रसिद्ध करता येईल. पेटंटचा परवाना घेतलाच नाही. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टने या प्रोटोकॉलना लागू होणाऱ्या पेटंटांची क्रमांकासह यादी द्यायची आणि ती अद्ययावत ठेवायची. यादीत आहे ते टाळून कोड लिहायचा, यादीबाहेरच्याची धास्ती नाही. धूसर भीतीपेक्षा ठरावीक अडथळा परवडतो, हे ओळखणारी माणसं टेबलावर होती.

दोनच महिन्यांत या करारातला गोपनीयतेचा भाग निरर्थक झाला. २१ फेब्रुवारी २००८ ला मायक्रोसॉफ्टने ३०,००० हून अधिक पानं संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली.

अटींचं हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं, हेही नोंदवायला हवं. नोव्हेंबर २००६ मध्ये नोव्हेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात करार झाला, त्यात पेटंटचं अभय फक्त नोव्हेलच्या ग्राहकांना होतं. सांबाचे जेरेमी अ‍ॅलिसन तेव्हा नोव्हेलमध्ये नोकरीला होते. निषेध म्हणून त्यांनी राजीनामा दिला. २००७ च्या मध्यावर सांबा टीमने जीपीएलची तिसरी आवृत्ती स्वीकारली. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये २००२ पासून सांबा होता. तिसऱ्या आवृत्तीनंतरचा सांबा अ‍ॅपलने कधी घेतला नाही, आणि २०११ च्या लायन या मॅकच्या आवृत्तीत स्वतःचा एसएमबी सर्व्हर लिहून टाकला. इथे माहिती खुली होती, कोडही खुला होता. परवाना पटला नाही, एवढंच.

कागद खुले झाल्यावर

सांबा ४.० आला ११ डिसेंबर २०१२ ला. करारानंतर पाच वर्षांनी. लिनक्सच्या मशीनवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर, विंडोजच्या कंट्रोलरशेजारी बसू शकणारा. प्रसिद्धिपत्रकात मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांचा आणि मदतीचा कृतज्ञ उल्लेख होता, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याचं अभिनंदनपर वक्तव्यही. मधल्या काळात 'डॉकहेल्प' नावाची सोय सुरू झाली होती. कागदात एक लिहिलंय आणि सर्व्हर वेगळंच वागतोय, असं सांबाच्या माणसाने कळवलं की तिकडचे अभियंते तपासतात आणि कागद दुरुस्त करतात. चुकीच्या कागदावर बोट ठेवायला एसएमबीटॉर्चरसारखी हत्यारं हाताशी होतीच. मला वाटतं, ही देवाणघेवाण ३०,००० पानांइतकीच मोलाची ठरली. पानं लिहून झाली की जुनी व्हायला लागतात.

एप्रिल २०१६ मध्ये बॅडलॉक नावाने गाजलेली त्रुटी बाहेर आली. सांबाच्या श्टेफान मेट्समाखर यांना ती सापडली होती, आणि ती सांबाच्या कोडपुरती नव्हती. दोष प्रोटोकॉलमध्येच असल्याने विंडोजमध्येही होता. १२ एप्रिलला दोन्हीकडच्या दुरुस्त्या एकाच दिवशी आल्या. दहा वर्षांपूर्वी न्यायालयात समोरासमोर बसलेल्या बाजूंना आता तारीख एकमेकांना विचारून ठरवावी लागत होती.

तरी जमलं नाही तेही सांगतो, कारण सांबा लावायचा विचार करणाऱ्याला ते आधी कळलेलं बरं. विंडोजच्या डोमेनमध्ये सिसव्हॉल नावाचं फोल्डर असतं, त्यात गटांची धोरणं राहतात. ते प्रत्येक कंट्रोलरवर सारखं असावं लागतं, आणि विंडोज हे काम डीएफएस-आर नावाच्या प्रोटोकॉलने करतं. त्याचा तपशील मायक्रोसॉफ्टच्या खुल्या कागदपत्रांत कधीचा आहे, कोणीही उतरवून घ्यावा. सांबात तो अजून नाही. ते काम मोठं आहे आणि त्यासाठी वेळ किंवा पैसा घालणारं कोणी पुढे आलेलं नाही. म्हणून दोन सांबा कंट्रोलर असलेल्या ठिकाणी अ‍ॅडमिन ठरावीक वेळाने आरसिंक हा फाइली नकलून नेणारा प्रोग्राम चालवून हे फोल्डर एका मशीनवरून दुसऱ्यावर नेतात. बदल एकाच मशीनवर करायचे, हा नियम सगळ्यांनी पाळला तर अडत नाही. आरसिंकही ट्रिजेल यांनीच, पॉल मॅकेरस यांच्यासोबत, १९९६ मध्ये लिहिलेलं आहे.